चौथ्या दिवसाची फुलं

फुलांच्या संशोधन केंद्रात सगळेच तिला मावशी म्हणत. खरी मावशी मात्र ती एकीचीच होती, धाकट्या बहिणीच्या पोरीची. पोरीला इथं चिकटवलं तिनंच. लिलीच्या हिरव्या कळीला रंग कधी चढतो, पाकळीत साठलेल्या पिठाची साखर कशी होते, ती साखर पाणी ओढून फूल कसं उमलवते, हे अठरा वर्षांत शिकलेलं सगळं तिनं हातचं न राखता पोरीला दिलं.

अठरा वर्षं रोजंदारीवर गेल्यावर यंदा एक कायम जागा निघाली होती. एकच. केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "या खेपेचं मोजमाप चोख आलं, की जागा तुमची, मावशी."

मोजमाप म्हणजे, फूल उमललं की त्याच दिवशी परागकोश खुडायचे, देठाला वयाची चिठ्ठी बांधायची. मग पाकळीच्या चकत्या स्वच्छ पाण्यात ठेवून तासाभरानं पाण्यात किती क्षार उतरले ते दाखवणारं मीटर बुडवायचं. तरणी पाकळी मीठ-साखर पोटात धरून ठेवते. वय झालं की तिला काही धरवत नाही, सगळं पाण्यात झिरपतं आणि आकडा चढतो.

मंगळवारी पहिल्या दिवसाच्या फुलांचा आकडा चौथ्या दिवसाइतका आला. तिनं भांडी पुन्हा धुतली, पुन्हा मोजलं. तोच आकडा.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. "चष्मा बदला हो आता. तुमची भाचीच सांगत होती, हल्ली चिठ्ठ्यांची अदलाबदल होते म्हणून."

 मावशीनं भिंग घेऊन फुलं पाहिली. परागकोश ताजा खुडला की मागे उरलेलं टोक ओलं, हिरवट असतं. ही टोकं सुकून तपकिरी झाली होती. चिठ्ठ्या तिच्याच अक्षरातल्या, पण दोऱ्याला दुहेरी गाठ. ती एकच गाठ मारायची. दुहेरी मारायची ती पोरगी.

"फुलं तू बदललीस?"

पोरगी चकत्या पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय गं, चार वर्षांत निवृत्त होशील. मला अख्खा जन्म काढायचाय."

"मग जागा मागायचीस."

"दिली असतीस?"

दिली नसती. मावशी तेवढं खोटं बोलू शकली नाही.

"म्हणून मला म्हातारी ठरवलंस?"

"मी कुठं? मीटरनं ठरवलं."

मावशी फुलं उचलून निघाली तशी पोरीनं दंड धरला. "मावशी, सांभाळून घे ना गं!"

डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं, गाठी बघितल्या. "कुणी केलं हे?"

"माझ्या भाचीनं," मावशी म्हणाली.

पोरीला त्याच दिवशी काढलं. मावशीला मोजमाप नव्यानं करायला सांगितलं. दुपारी ताज्या चकत्या पाण्यात पडल्या आणि बहिणीचा फोन आला.

"माय मरो, मावशी उरो म्हणतात! तुझ्यासारखीला बघून नाही हं म्हटलेलं ते!"

"अगं, तिनं काय केलं ते तरी ऐक."

"मला माहितीये काय केलं ते. मीच म्हटलं होतं तिला, कर बिनधास्त, मावशी तोंड उघडायची नाही. तोंडघशी पाडलंस तू मला!"

बहीण बराच वेळ बोलत राहिली.  फोन बंद झाला तेव्हा चकत्या पाण्यात पडून दोन तास होऊन गेले होते. ते पाणी आता मोजून उपयोग नव्हता. तिनं ते ओतून दिलं आणि दुसरं फूल घ्यायला उठली.