चिंचोक्याचा चटका

हिर्डोशीच्या सगुणाबाईइतकं संशयी माणूस त्या खोऱ्यात दुसरं नव्हतं. दुधात बोट बुडवून पाही, पाहुणा जरा जास्त गोड बोलला की हा कशाला आला असेल म्हणून रात्रभर तळमळे. बायका मागे नावं ठेवत आणि पोटात दुखलं की तिच्याच दारी येत, कारण विळा तापवून डाग द्यावा तो तिनंच. दवाखाना भोरला, म्हणजे दिवसभराची पायपीट. तिचा नियम एकच होता: ज्याचं दुखणं त्यानंच आपल्या तोंडानं "द्या" म्हणायचं. आईनं म्हटलेलं चालायचं नाही, नवऱ्यानं तर मुळीच नाही.

हा नियम तिला लहानपणच्या खेळानं शिकवला होता. ती आणि तिची बहीण ठकी चिंचोका दगडावर घासघासून तापवत आणि एकमेकींच्या दंडाला लावत. डोळ्यांत पाणी यायचं, तरी ठकी हसत म्हणायची, "आजून." "पुरे" म्हटलं की मात्र हात त्याच क्षणी मागे. पुढे एकदा गुळाचा खडा चोरला म्हणून चुलत्यानं सगुणाचं मनगट धरून उलथन्याचा चटका दिला. फोड हरभऱ्याएवढा, पण महिनाभर ती चुलीजवळ फिरकली नाही. चटका तर तिला नवा नव्हता. मग एवढी भीती कशाची, हे पुष्कळ उशिरा कळलं. "पुरे" ती तेव्हाही ओरडली होती.

चौतीस सालच्या सुगीत धोंडाबाई नावाची बाई आपल्या सुनेला, साळूला, घेऊन आली.

"पंदरा दिस जालं, पोट धरून बसती," धोंडाबाई म्हणाली. "ती बी ऐन कापनीत. द्या एक डाग. सोंग आसंल तर उतरंल."

"द्या," साळू म्हणाली. कुणी विचारायच्या आत.

सगुणाबाईच्या मनात पाल चुकचुकली. भले भले गडी डागाआधी घासाघीस करत, पाणी मागत, विळ्यावरची नजर काढत नसत. ही विळ्याकडे बघतच नव्हती. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

"इळा तापस्तवर खेळू," असं म्हणून सगुणाबाईनं कोनाड्यातला चिंचोका उंबऱ्याच्या दगडावर घासला. "सोसंना की पुरे म्हन. मी लगीच थांबती."

साळूचा दंड लाल झाला. ती बोलली नाही, तिनं हात ओढला नाही. पुन्हा घासून लावला, तरी तेच. शेवटी सगुणाबाईचाच धीर सुटला.

"म्हनली का न्हाईस?"

"म्हनलं तर थांबत्यात व्हय?"

साळूनं हे अगदी साधेपणानं विचारलं. सगुणाबाईनं चिंचोका तिसऱ्यांदा घासला. या वेळी तो टेकतो न टेकतो तोच साळू पुटपुटली, "पुरे." हात मागे गेला. साळू त्या हाताकडे बघत राहिली.

"डाग न्हाई मिळायचा," सगुणाबाई धोंडाबाईला म्हणाली. "पोरीला हितं ऱ्हाऊ द्या चार दिस. तिच्या बापाला निरोप धाडती."

धोंडाबाईनं सुनेचं मनगट पकडलं. "ऊठ. घरी बगती तुजं पोट."

"पुरे," साळू म्हणाली. आता चिंचोका कुणाच्याच हातात नव्हता.

धोंडाबाईची मूठ आणखी आवळली. सगुणाबाईनं निखाऱ्यांतून लालभडक विळा उपसला आणि त्या मुठीपासून चार बोटांवर धरला. मूठ सुटली. थोड्या वेळानं धोंडाबाई एकटीच चालती झाली.

बाप वेल्ह्याहून येऊन साळूला घेऊन गेला. सगुणाबाईनं मात्र त्यानंतर विळा कधी तापवला नाही. लोकांनी विचारलं तर हात दुखतो म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या त्या बाईला आता स्वतःचाच संशय येई. धोंडाबाई घाबरली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. मूठ सुटली होती, धोंडाबाई दोनदा "पुरे" म्हणाली होती, आणि तरीही विळा मागे आला नव्हता.