श्राद्धाच्या दिवशीचं सार

माझ्यावर विष घातल्याचा आळ आला तेव्हा मला सासरी, ठाण्याला येऊन वर्षही झालं नव्हतं. विष म्हणजे जीव घ्यायचं नव्हे, नवऱ्याला वश करायची पूड. पण त्या पुडीने घरातली आणि बाहेरची चार माणसं आडवी झाली असं सगळ्यांचं मत पडलं, आणि मला कल्याणला माहेरी पोचवायचं, पुन्हा आणायचं नाही, इथपर्यंत गोष्ट आली. आज मी हे हसत लिहिते आहे. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या दिवशी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वडिलांचं श्राद्ध होतं. मामंजी कलेक्टर कचेरीत कारकून. कचेरीत त्यांचा आवाज निघत नसे, म्हणून घरात जरा जास्तच निघे. सोवळ्याओवळ्याचं राज्य मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आत्याबाईंचं. आत्याबाई लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. परसातून कावळा ओरडत गेला तरी वन्सं पुन्हा आंघोळ करतील, असं सासूबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

श्राद्धाच्या स्वयंपाकात आमसुलाचं सार माझ्याकडे आलं. नव्या सुनेला हा मान मोठाच होता, आणि मी तो मिरवायला बसले होते. चूल पुढे वड्यांना आणि खिरीला लागणार म्हणून सार पहाटेच्या अंधारातच करून मोठ्या पितळी पातेल्यात ठेवलं. आमसुलं सढळ हाताने घातली, गूळ घातला, आणि शेवटी माझ्या आईने दिलेल्या डबीतली भाजल्या जिऱ्याची पूड. डबी सोवळ्यात चालेल की नाही हे विचारायची हिंमत नव्हती, म्हणून ती पदराआडून काढली आणि पदराआडच ठेवली. आत्याबाईंनी पाहिलं. पण बोलल्या नाहीत. एरवी ज्या बाई मिनिटभर गप्प बसत नसत त्या नेमक्या त्या वेळी गप्प बसल्या.

दुपारी श्राद्धाचे दोन भटजी जेवले. सार त्यांनी द्रोणामागून द्रोण मागून घेतलं. मग मामंजी आणि आमचे हे बसले. आम्ही बायका अजून पानांवर बसायच्या होतो, तोच ओटीवर विडा खात बसलेले थोरले भटजी पोट धरून परसात पळाले. त्यांच्या मागून धाकटे. मग मामंजी. यांना उठवेना म्हणून त्यांनी जागेवरच ओकारी केली. घटकाभरात आमची ओटी सरकारी दवाखान्यासारखी दिसू लागली, आणि खऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवायला गडी धावला.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, अंगाने स्थूल, तपकिरीचे शौकीन. कशाचीही घाई म्हणून करायची नाही. त्यांनी सगळ्यांना पोटभर दूध पाजलं, नाड्या पाहिल्या, आणि जीवाला भय नाही असं सांगितलं. मग सर्वांनी काय खाल्लं ते विचारून उरलेलं सार काचेच्या बाटलीत भरून घेतलं. "बाकीचं काही तोंडाला लावू नका, आणि भांडी घासू नका," एवढं बजावून ते गेले.

रात्री माणसांना आराम पडला आणि बोलायला तोंडं मोकळी झाली. सासूबाईंनी भीतभीत शंका काढली, "सार कळकलं तर नसेल?" पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, खाल्लं की उलट्या होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आत्याबाईंनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. "काहीतरीच काय? श्राद्धासाठी म्हणून परवाच कल्हई करवून घेतली ना? नव्या कल्हईत कळकतं होय?" आणि ते खरंच होतं. कल्हईवाला आमच्याच ओट्यापुढे खड्डा करून, भाता मारत बसला होता. नवसागराचा तो नाकात शिरणारा धूर सगळ्या आळीने घेतला होता. पातेलं इतकं लखलखीत झालं होतं की आत वाकून मी माझं कुंकू नीट केलं होतं.

मग आत्याबाईंनी डबीची गोष्ट काढली. कल्याणहून आलेली डबी, पदराआडून घातलेली पूड. "नवऱ्याला मुठीत ठेवायला आईने दिली असणार. मात्रा जास्त झाली."

मला एवढा संताप आला की रडूच फुटलं, आणि रडले म्हणून माझं खोटं ठरलं. माझे वडील कल्याणला शाळामास्तर. त्यांच्या घरात अंगारेधुपारे शिरत नसत, तिथे वशीकरणाची पूड कुठून येणार? आणि यांना वश करायला पूड कशाला हवी होती? दोन खमंग थालीपिठं पुरत. पण स्वारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्या बाजूने एक शब्द म्हणून निघाला नाही. तो राग माझ्या मनात अजून थोडा आहे, आणि तो आहे हे त्यांनाही माहीत आहे.

सकाळी मला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. मामंजी म्हणाले, "दुपारच्या आगगाडीने हिला कल्याणला पोचवा. पुढचं पुढे पाहू." पुढचं पुढे म्हणजे काय ते मला कळत होतं. आळीत अशी एक सून माहेरी गेलेली होती. तिचं पुढचं काही कधी आलंच नाही. मी लुगडी बोचक्यात बांधू लागले. आईला काय सांगू, याचा विचार मनात आला की हात थांबत.

जेवणवेळेच्या सुमाराला डॉक्टर बाटली घेऊन आले. मामंजींनी त्यांना ओटीवर बसवून हळू आवाजात डबीची हकीकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. "डबी आणा," म्हणाले. मग दोन काचेचे पेले मागवले. आमच्याकडे काचेचे पेले कुठले? शेजारच्या वकिलांकडून आणले.

एका पेल्यात त्यांनी बाटलीतलं सार ओतलं. दुसऱ्यात माझी जिऱ्याची पूड पाण्यात कालवली. दोन्हींत कसल्याशा तेजाबाचे चार थेंब टाकले. मग पेटीतून दोन लहान चाकू काढले, पाती राखेने घासून चकचकीत केली आणि एकेका पेल्यात उभी केली.

"पितळेतलं तांबं सारात उतरलं असेल तर ते लोखंडावर चढतं," ते मामंजींना म्हणाले. "मी पलीकडच्या गल्लीतला एक रोगी पाहून येतो. तोवर हात लावू नका."

ते गेले आणि आमचं घर त्या दोन पेल्यांपुढे बसून राहिलं. मी दाराआड उभी. सार मुळातच लाल, त्यामुळे पात्यावर काय होतं आहे ते कुणालाच दिसेना. सासूबाईंनी हात जोडले होते. आत्याबाईही माळ ओढत होत्या. देवाने दोघींपैकी कुणाचं ऐकावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. मला माझ्या जिऱ्याची खात्री होती, पण तेजाबाची नव्हती. उद्या जिऱ्यानेही पातं लाल व्हायचं आणि मी फुकट मरायची!

डॉक्टर आले, सावकाश बसले, तपकीर ओढली. मग माझ्या पेल्यातलं पातं काढून पाण्याने धुतलं. जसं घातलं तसंच, चांदीसारखं पांढरं. साराच्या पेल्यातलं धुतलं, तर बुडालं होतं तिथपर्यंत नव्या तांब्याच्या लोटीसारखं लाल. ते त्यांनी उन्हात धरून सगळ्यांना दाखवलं. आणि मग माझ्या डबीतली चिमूट सरळ जिभेवर टाकली.

"जिरं आहे. छान भाजलंय," ते म्हणाले. "याने नवरे वश होत असते, तर आमच्या मंडळींनी पोतं आणून ठेवलं असतं."

मामंजी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणी त्या घरात हसलं.  मी चौकट धरून खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले, पण हे रडणं निराळं होतं. आई वाचली, वडील वाचले, मी वाचले.

"पण कल्हई तर नवी होती," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी न घासलेलं पातेलं मागवून उजेडात कलतं केलं. जिथे मी कुंकू नीट केलं होतं तिथे आत ओरखडेच ओरखडे, आणि त्यांतून पितळ पिवळं डोकावत होतं. "कल्हईवर वाळू कोणी चालवली?"

 मग आत्याबाईंचा आवाज आला. "मी."

"का?"

"कल्हईवाल्याचा हात आतून फिरला होता. तो मुसलमान. तसल्या भांड्यातलं पितरांना कसं वाढायचं? चिंच, राख आणि वाळू घेऊन परवा, घर निजलं होतं तेव्हा, दुपारभर घासलं."

"बाई, कल्हई म्हणजे कथलाचा पापुद्रा. तुम्ही तोच शुद्ध करून काढून टाकलात."

डॉक्टर गेले. मामंजी मला म्हणाले, "मुली, बोचकं सोड." बहिणीकडे त्यांनी पाहिलंही नाही. सासूबाईंनी पानं मांडली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी भाताचं तपेलं उतरवलं. इतकी भूक मला आयुष्यात लागली नव्हती.

आत्याबाई जेवायला आल्या नाहीत. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तू बोलाव. माझं नाही ऐकायच्या." मला जायचं नव्हतं. माझा राग काही एका पात्याने उतरणारा नव्हता. तरी गेले.

आत्याबाई परसातल्या विहिरीच्या काठाशी बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे टाकून. चिंचेने आणि वाळूने बोटांची सालं गेलेली मी तेव्हाच पाहिली. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊ आता मला कुठे धाडील गं?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून हाच प्रश्न मी बोचक्याशी बसून स्वतःला विचारत होते. पण मला धाडायला निदान कल्याण होतं. त्यांचं माहेर म्हणजे हेच घर.

"कुठेही नाही," मी म्हटलं. "उठा, भात निवतोय."