तिच्या कपाळावरचं कुंकू

केजला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. नेकनूरच्या एका निवृत्त नर्सबाईंचा जुना रंगीत टीव्ही माझ्याकडे यायचा. त्यांना त्यावर लेकीच्या लग्नाची कॅसेट बघायची असे.

"कुंकू बघा कपाळावरनं कसं सरकलंय," त्या म्हणायच्या.

खरंच, लाल रंग चेहऱ्याच्या उजवीकडं निसटायचा. मी त्यांना समजवायचो, "बाई, काळंपांढरं चित्र आणि रंग वेगळ्या वाटांनी येतात. रंगाची वाट अरुंद, म्हणून तो पसरतोच. याला इलाज न्हाई." त्या मान हलवून निघून जायच्या.

गेल्या वर्षी त्या दुकानात आल्या त्या हसतच. माजलगावच्या मेकॅनिकनं टीव्ही नीट केला म्हणाल्या. हा माझा गुरुबंधू. एकाच उस्तादाकडं आम्ही शिकलो. तारेच्या जोडाला सोल्डरचा डाग कसा द्यायचा, सोल्डरिंग गन कशी धरायची, हे त्याला मी दाखवलेलं. "लई हुशार माणूस हाय," बाई म्हणाल्या. पुण्याचे शौकीन लोक त्याच्याकडं जुने सेट घेऊन येतात, हे ऐकून होतोच. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांवर उगीच खेकसलो.

आठवड्यानं मी एसटीनं माजलगाव गाठलं. त्यानं चहा मागवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नर्सबाईंच्या सेटला काय केलंस?"

"दादा, अरुंद वाटेनं रंग जरा उशिरा पोचतो ना? त्याच्यासाठी काळंपांढरं थोडं थोपवून धरणारी कॉईल असती. त्यात ती नव्हतीच. नुसती तार जोडलेली. जुन्या सेटातली कॉईल काढून बसवली."

माझे कान तापले. ती तार माझीच. फार वर्षांपूर्वी कॉईल तुटली, पडदा काळवंडला, सुटा भाग मिळेना, म्हणून मी तार जोडून दिलेली आणि विसरून गेलो होतो.

तो खाली बघत म्हणाला, "तारेवरचा डाग तुमच्या हातचा वाटला. बाईंना काई बोललो न्हाई मी."

त्यानं चार लोकांत माझी चूक सांगितली असती तर भांडता तरी आलं असतं. त्याचा हात माझ्याहून चांगला होताच. आता मनही मोठं निघालं. "मला ठाऊक होतं ते," मी खोटंच बोललो आणि चहा अर्धा ठेवून उठलो.

परत आल्यावर दुकानातले तीन जुने सेट उघडले. एकात माझी तशीच तार होती. कॉईल बसवली, रंगाच्या कडा चित्राशी जुळल्या. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, "हे कुठं शिकलात?"

"अनुभव," मी म्हणालो.