बेंदराची बंदूक

सातारा आन सांगली, ह्या दोन जिल्ह्यांत जुन्या एकबारी बंदुकांचा माज्याएवढा जाणकार दुसरा न्हाई. ह्ये मी सोडून आजून कुणीच म्हणल्यालं न्हाई.

एकबारी म्हंजे जिच्यात एका टायमाला एकच गोळी बसती. उडवली की परत उघडायची, परत भरायची. तवर समोरचा घरी जाऊन जेवून यील. माजं बी तसंच हाय. एक बोललो की दुसरं सुचाय येळ लागतो, तवर बायकू सगळं बोलून मोकळी.

आमचं गाव दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर. आमची कोंबडी दाणं सांगलीत टिपती आन अंडं साताऱ्यात घालती. तसल्या गावात मला ह्यो नाद लागला. माज्याकडं तीन बंदुका व्हत्या. एकीला चाप न्हाई, दुसरीला लाकडी दस्ता न्हाई, तिसरीला दोन्ही न्हाई. तिसरी म्हंजे नुसती नळीच, पण मी तिला बंदूकच म्हणायचो.

भानगड नको म्हणून तिन्ही पोलीस ठाण्यात नेऊन दाखवल्या. हवालदारसायबांनी एक उचलली, नळीत डोळा घातला. आत कुंभारमाशीनं घर केल्यालं. म्हणले, "ही बंदूक म्हणून लिवू का पहार म्हणून?"

मी म्हणलं, "सायेब, ऐतिहासिक हाय."

"मग पायावर पाडू नको. त्याच्याबिगर हिनं काय कुणी मरत न्हाई."

नुसत्या गोळा करून माजं भागत नव्हतं. मला त्यांचं मूळ शोदायचं असायचं. कुठं बनली, कुणी वापरली, आमच्या मुलखात कशी आली. शाळेत मी जाऊन आलो, पण शाळा काय माज्यात आली न्हाई. तवा माजं संशोधन म्हंजे पारावरच्या म्हाताऱ्यास्नी इचारायचं. सगळे एकच सांगायचे, "ही राजाची." एवढ्या बंदुका राजाकडं असत्या तर राजाला बसाय जागा उरली नसती. इट्याचा एक गलाईवाला, सोनं गाळणारा माणूस, सुट्टीवर आला व्हता. त्याला बंदुकीचं पितळ दावलं आन म्हणलं, ह्याच्यावरनं मूळ सांग. त्यानं नखानं खरवडलं आन म्हणला, "सोनं न्हाई." आन चालू पडला.

मग कवठे महांकाळच्या अंगाला एका धनगर मामांच्या घरात चौथी बंदूक हाय म्हणून कळलं. गेलो. भिंतीला खुट्टीवर टांगल्याली. नळीत शिसं वतून कवाच बंद केल्याली, पण बाकी सगळी शाबूत. चापाखाली एक दांडी. ती खाली वडली की गोळी घालायचं तोंड उघडायचं. आन दस्त्यावर लाकडात ठोकल्याला गोल शिक्का, त्यात अक्षरं आन आकडं. माजं काळीज उडी माराय लागलं.

"मामा, ही कुठली?"

"काय म्हाईत. बाच्या टायमापास्नं हितंच हाय. लांडगं भेत्यात म्हणत्यात."

"कुठनं आली, कुणाची, कायतरी ठावं असंल की?"

"शेळीचं इचार रं. हिची आय, तिची आय, तिची आज्जी, समदं सांगतो. ह्या लोखंडाला कोन आय-बाप?"

पैसं मामास्नी नको व्हतं. म्हणले, चांगली दुधाची शेळी असंल तर बोल.

चांगली दुधाची शेळी आमच्या दारात एकच व्हती. ती माजी न्हवती, बायकूची व्हती. तिच्या आईनं दिल्याली, तिच्याच हातचा पाला खाणारी, मला बघितलं की पाठ फिरवणारी. त्या टायमाला बायकू बहिणीच्या बाळंतपणाला गेल्याली. मी म्हणलं, हीच येळ हाय. शेळी टेंपोत घातली आन बंदूक घेऊन आलो. येताना ती बी आधी ठाण्यात दावली. हवालदारसायेब म्हणले, "ही बरी हाय. पहारीपेक्षा."

बायकू आली. पिशवी खाली ठिवायच्या आदी गोठ्यात गेली.

"शेळी कुठाय?"

मी बंदूक पुढं केली.

माजी बायकू वरडत न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं. ती बंदुकीकडं बघत ऱ्हायली, मग माज्याकडं. मग म्हणली, "खंडेनवमीला आबा येणार हायती. आबांनी बघून म्हणलं की ही खरीच पलटणीतली हाय, तर ऱ्हाऊ द्या. मी गप बसंन. न्हाई म्हणलं, तर बंदूक जातीया आन माजी शेळी येतीया."

आबा म्हंजे माजं सासरं, पलटणीतनं सुभेदार हून आल्यालं. त्येंच्यापुढं मी आजूनबी सावधानमधी उभा ऱ्हातो. मामास्नी फोन केला, दसरा हुस्तवर शेळी इकू नका. मामा म्हणले, "इकाय काय तू हाईस व्हय मी?"

आता बंदूक टिकवायची तर आबांचं मन जिकाय पायजे. पलटणीतला माणूस. त्येला सगळं चकचकीत लागतं. बुटाला पालिश न्हाई म्हणून एकदा मला लग्नातनं माघारी धाडल्यालं, आन लगीन माजंच व्हतं. बंदूक तर काळी कळकट. आन खंडेनवमीला घरातली समदी हत्यारं धुवून पुसून पूजंला मांडायची असत्यात. इळा, कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना. त्यात माजी बंदूक मधोमध बसणार. ती उठून दिसाय नको व्हय?

चांगल्या वस्तूला सजवायचं कसं, ह्ये आमास्नी एकच ठावं. बेंदराला बैल सजवतो तसं. तवा पैल्यांदा घोळणी, म्हंजे तासून गुळगुळीत करायचं. बैलाची शिंगं घोळायचा रंधा काढला आन दस्ता घोळून घेतला. मग काचंच्या तुकड्यानं खरवडला. आतनं लाकूड कसं निघालं म्हणता, लोण्यावानी. नळीवरचं किटान कानशीनं काढलं. शेंगतेल चोळलं. मग शिंगाला लावतो त्यो लाल हिंगूळ दस्त्याला. त्याच्यावर सोनेरी बेगडाच्या पट्ट्या. घरात शिंगात घालायचा पिवळा गोंडा व्हता, त्यो नळीच्या तोंडाला बांधला. लांब उभं ऱ्हाऊन बघितलं. माजं मलाच भरून आलं.

खंडेनवमीला आबा आलं. हातपाय धुतलं, चष्मा लावला, पूजंपुढं बसलं. मी मागं उभा. बायकू दाराला टेकून. आबांनी बंदूक हातात घेतली, आदी गोंडा बाजूला केला.

"जावईबापू, हिला कुठल्या मिरवणुकीत न्यायची?"

"न्हाई आबा, तुमास्नी दावाय."

आबांनी दांडी वडून बघितली. मान हलली. माज्या जिवात जीव आला. मग त्येंनी दस्ता फिरवला. हिकडनं बघितला, तिकडनं बघितला, हिंगुळावर अंगठा घासला.

"पलटणीच्या बंदुकीला हितं शिक्का असतोय. कुठल्या कारखान्यात झाली, कुठल्या पलटणीला दिली, समदं त्यात कळतं. त्यो कुठाय?"

माजं तोंड बेगडागत चमकाय लागलं असंल.

"व्हता, आबा."

"व्हता म्हंजे?"

"घोळला."

आबांनी बंदूक उलटी केली. नळीवर बघितलं. तिथला आकडा कानशीनं गेल्याला. मग म्हणले, "भुसा कुठं टाकला?"

सणाच्या दिवशी, नव्या कपड्यात, सुभेदार आन जावई उकिरड्यावर. आबा काठीनं हुकूम सोडायचं, "डावीकडनं उकर! खोल! अजून खोल!" मी हातानं उकरत व्हतो. कोंबड्यास्नी वाटलं आज दसरा त्येंचाच हाय. लाकडाचा कीस घावला, पण त्यावर वाचाय कायच नव्हतं. आन असतं तर मला कुठं वाचाय येतंय.

बायकू वरनं म्हणली, "आवं, फोटू काढला नव्हता का?"

काढल्याला की! बंदूक आणली त्याच दिवशी. आबांनी मोबाईल हातात घेतला, फोटू मोठा केला. त्यात मी व्हतो, माजं सगळं दात व्हतं, दस्ता बी व्हता. आन शिक्का जिथं व्हता तिथं बरोबर माजा अंगठा.

आबा म्हणले, "शाळंचा दाखला बी जोडलायस."

मग त्येंनी गोंडा सोडून माज्या हातात दिला. "असंल पलटणीतली. नसंल बी. आता मला सांगता येत न्हाई. आता ह्यो बैल हाय."

मी काय बोलायच्या आदी बायकूनं पायात चपला घातल्या.

सण हुंदे म्हणून आबांनी तिला थांबवलं, आन दसरा झाला की आमी दोघं एस्टीनं निघालो. बंदूक पोत्यात गुंडाळल्याली, तरी हिंगुळाचा दस्ता भाईर आल्याला. शेजारच्या शिटावरच्या म्हातारीनं इचारलं, "पाळण्याचा दांडा व्हय रं?" मी व्हय म्हणलं. तिनं मला आशीर्वाद दिला. बायकू खिडकीतनं भाईर बघत ऱ्हायली. वाटंत तासगावात मी म्हणलं, बेदाणं घेऊ का? ती म्हणली, "कशाच्या बदल्यात?"

मामांच्या दारात शेळीनं बायकूला लांबनं वळखलं आन दावं तोडाय लागली. मला बघून पाठ फिरवली. बायकू तिथंच खाली बसली, तिच्या गळ्याला हात घालून. तिचं डोळं भरल्यालं मी लग्नानंतर तवाच बघितलं. तवा मला कळलं की मी काय इकून आल्तो.

मी पोतं सोडलं. मामांनी बंदुकीकडं बघितलं.

"हिला काय झालं?"

"सजवली, मामा."

"ह्याला बघून लांडगं भ्यायचं सोडून नाचाय येत्याल रं."

मला वाटलं आता मामा घेत न्हाईत, आन शेळी बी देत न्हाईत. तवर बायकू डोळं पुसून उठली, दावं हातात घेतलं आन म्हणली, "मामा, शेळी मी नेते. बंदूक आन ह्ये, दोन्ही तुमच्यातच ठिवा. राखणीला हुत्याल."

मामांनी एकदा बंदुकीकडं बघितलं. एकदा माज्याकडं, वरनं खालपतोर.

"बंदूक ठिवतो," म्हणले. "तिला जेवाय लागत न्हाई."