आमच्या घरी नास आला

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे, आणि तरीही आमच्या घरात कोणत्याही यंत्राला हात लावायची मला बंदी आहे.

हा हुकूम काही एका दिवसात निघालेला नाही. आधी मिक्सर गेला, मग पाण्याची मोटर गेली आणि शेवटी मुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. (कॅमेऱ्याने विचारलं, 'फॉरमॅट करू का?' मला वाटलं, बिचारा फोटो नीट लावून ठेवू का म्हणून विचारतोय. मी म्हणालो, कर!) मुलगी आता आठवीत आहे, पण पाहुण्यांनी बारशाचे फोटो मागितले की माझी बायको वंदना अजूनही एवढंच सांगते, "होते हो फोटो. पण त्या दिवशी हे घरी होते."

तर गेल्या दिवाळीनंतर वंदनाचा फोन गच्च भरला. एक फोटो काढायचा तर दोन पुसायला लागायचे. आणि तिला तर काहीच पुसायचं नव्हतं, कारण त्या फोनमध्ये तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा एक व्हिडिओ होता. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा आवाज ऐकायचा तर जगात तेवढाच एक व्हिडिओ होता. दीड मिनिटाचा. त्यात त्या वाशीच्या (मुंबईजवळच्या नव्हे, आमच्याकडच्या) घरी स्वयंपाकघरात उभ्या राहून कुणालातरी झापत होत्या. (कुणाला, ते पुढे सांगतो.) वंदना सणासुदीला तो लावायची, हसायची आणि मग उगीचच कांदा चिरायला घ्यायची. फोन अधूनमधून बंद पडायला लागला तेव्हा मात्र ती घाबरली. मीही घाबरलो, हे खरं सांगतो.

आणि म्हणून मी बंदी मोडून जाहीर केलं, "मी बघतो!"

"नको!" वंदना म्हणाली.

पण तोवर मी पंधरा व्हिडिओ बघून बसलो होतो. घरातल्या सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी, घरच्या घरी, कपाटाएवढ्या विश्वासाने ठेवणारं यंत्र असतं म्हणे. प्रत्येक व्हिडिओतला माणूस एक नवीन सॉफ्टवेअर सांगायचा आणि आदल्या व्हिडिओतल्या माणसाला मूर्ख ठरवायचा. एक म्हणाला, तयार डबा घ्या, दोन डिस्क खुपसा, विषय संपला. दुसरा म्हणाला, तयार डबा घेणारा माणूस आयुष्यात काही शिकत नाही. शिक्षक माणूस मी, हे वाक्य जिव्हारी लागलं! शेवटी मी वाशीहून माझ्या मेव्हण्याला, नितीनला, बोलावून घेतलं. त्याचं तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि व्हिडिओतली बाई त्याचीही आई होती.

नितीन आला, चहा प्याला आणि माझ्या वडिलांसमोर, आबांसमोर, म्हणाला, "दाजी, सोपं हाय. घरात एक नास आनून टाकू."

आबांनी पेपर खाली ठेवला. "काय आनायचं म्हनलास?"

"नास, आबा. फोटो ठेवायचं मशीन."

"दूध नासतं, पीक नासतं, ते ठावं हाय मला. नास इकत आनल्याला न्हाय ऐकला कधी!" आबा कडाडले. "सूनबाई, हा तुझा भाऊ घरात नास आनायला निघालाय बग!"

नितीनने समजावून सांगितलं की ते एन, ए, एस अशा तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे. काही उपयोग झाला नाही. ज्या घरात 'मीठ संपलं' म्हणत नाहीत, 'मीठ वाढलं' म्हणतात, तिथे नास कोण घेणार? म्हणून मी तोडगा काढला. "आबा, त्याला सर्व्हर म्हणू."

आबांचा चेहरा एकदम बदलला. आबा म्हणजे निवृत्त तलाठी. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी लोकांना 'सर्व्हर डाउन हाय, उद्या या' हे एकच वाक्य सांगण्यात काढली होती. तो सर्व्हर त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो मुंबईला असतो की आभाळात, हेही त्यांना माहीत नव्हतं. आणि आता तोच आपल्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत येणार!

"मंग आना," आबा म्हणाले. "बगू तरी कसा असतोय."

माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता, तोच घ्यायचं ठरलं. सॉफ्टवेअर फुकटातलं निवडलं, कारण ते बनवणाऱ्यांनी 'चुकलं तर आमची जबाबदारी नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. डिस्क मात्र दोन नव्या घेतल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणी! सगळ्यांचे फोन घेऊन नितीन वाशीला गेला, त्यातलं सगळं एका डिस्कवर भरणार होता. आबा म्हणाले, मी बी येतो. का, ते सांगेनात. एका दिवसाच्या कामाला दोघांनी दोन दिवस लावले आणि एसटीने परत आले. आबांच्या पिशवीत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी विचारलं तर म्हणाले, "माझं खाजगी दफ्तर हाय." मला वाटलं, तंबाखू असेल.

मग फोल्डरांना नावं द्यायची वेळ आली. मी म्हणालो, लग्न, वाढदिवस, सहल अशी देऊ.

"छ्या!" आबा म्हणाले. "लग्न, बारसं ह्ये समदे सातबाऱ्यावानी फेरफार हायत. घरात मानूस वाढला की फेरफार, गेला की फेरफार. नंबर टाक."

"म्हणजे माझं लग्न?" वंदनाने विचारलं.

"फेरफार नंबर नऊ."

"आणि तुमची नात?"

"वारस नोंद. नंबर धा."

वंदना माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या नोंदीचे बारशाचे कागद गहाळ आहेत, लिहा तसं."

मी घाईघाईने विषय बदलला आणि दोन डिस्कची गंमत सांगायला घेतली. "आबा, ह्या दोन डिस्कचा मिरर करायचा. मिरर म्हणजे आरसा. एकीत जे आहे तेच दुसरीत. एक बिघडली तरी दुसरी आहेच!"

"म्हंजी नक्कल."

"नक्कलच, पण आपोआप होते."

"आरशात डावं ते उजवं दिसतं," आबा म्हणाले. "तेवढं बगून घे."

मी हसलो. वीस वर्षं वर्गात आरसा शिकवतोय मी, आणि हे मला आरसा सांगतायत! त्याच तोऱ्यात मी वंदनाचा फोन तिच्या हातातून घेतला आणि पुसून कोरा करकरीत केला. "आता फोटो काढ बिनधास्त," असं म्हणालोसुद्धा. देवाने त्या क्षणी माझी दातखीळ बसवली असती तर फार उपकार झाले असते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नितीन इस्त्रीचा सदरा घालून, मी आंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसलो. भरलेली डिस्क एक नंबरच्या वायरीला, कोरी दोन नंबरच्या. आता फक्त मिररचं बटण दाबायचं बाकी. एवढ्यात शेजारच्या शोभाकाकू राशन कार्ड घेऊन आल्या.

"सर, माझा अंगठा बगा की. लागतच न्हाय राशन दुकानातल्या मशीनवर. सर्व्हर डाउन हाय म्हनत्यात."

"मग मी काय करू, काकू?"

"आवं, तुमच्या घरी आलाय न्हवं सर्व्हर! आबा सांगत हुते पारावर."

मी आबांकडे पाहिलं. आबा पेपर उलटा धरून वाचत होते.

"काकू, हा तो सर्व्हर नव्हे, हा घरातला..."

तेवढ्यात दारात दुसरे गृहस्थ. त्यांना पीकविम्याचं बघायचं होतं. त्यांच्यामागे एक आजी, आधार कार्ड हातात. त्यांच्यामागे दोघे थेट येरमाळ्याहून मोटारसायकलवर आलेले! (बातमीला एवढा वेग असतो, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं.) अर्ध्या तासात सोपा भरला, पायरी भरली, अंगणात चपलांचा ढीग झाला. मी हात जोडून सांगत होतो, "अहो, ह्याच्यात फक्त आमचे फोटो आहेत!" आणि ते एकमेकांना सांगत होते, "सर लई साधं मानूस हाय, पर वळखीबिगर काम करीना झालंय."

आबांना मात्र जुने दिवस परत आले होते. त्यांनी खुर्ची दारात ओढली, चष्मा लावला आणि गर्दीला शिस्त लावायला घेतली. "एकेक या! कागदं हातात धरा! धक्काबुक्की न्हाय पायजे!" कामं होणार नव्हतीच, पण न होणारी कामंही रांगेनेच अडावीत, याबद्दल ते आग्रही होते.

आणि शोभाकाकूंना फोन चार्ज करायचा होता. त्यांनी भिंतीतला एक प्लग उपटला आणि आपला लावला.

कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला. नितीन ओरडला, "दाजी, गेलं!" गर्दीतून एक समाधानाचा सुस्कारा आला, "डाउन झाला जनू."

मी घाबरलो. डबा उघडला, वायरी काढल्या, डिस्क हातात घेऊन गरम झाल्यात का बघितल्या, फुंकर मारली (फुंकर कशाला, ते विचारू नका), आणि परत बसवल्या. नितीन म्हणाला, चालू करा. मी मिररचं बटण दाबलं तसा पडद्यावर प्रश्न आला: मूळ डिस्क कोणती? एक की दोन?

"दाजी, थांबा, एकदा आत बगू," नितीन म्हणाला.

"अरे, काय बघायचंय? भरलेली एक नंबर!" मागून आजी माझ्या पाठीत आधार कार्डाने टोचत होत्या. मी 'एक' दाबलं.

दुपारी जेवणं होईतो माणसं पांगली. मिरर शंभर टक्के झाला होता. वंदना हात पुसत आली. "आईचा व्हिडिओ लावा बरं आधी," ती म्हणाली.

मी फोल्डर उघडलं. त्यात काही नव्हतं. दुसरी डिस्क उघडली. त्यातही काही नव्हतं. अगदी सारखं काही नव्हतं, कणभरही फरक नाही! वायरी परत लावताना मी डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली होती, आणि कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरवली होती.

"वरनं कोरं लिहिलंय, दाजी," नितीन हळूच म्हणाला. "आता न्हाय यायचं ते म्हागारी."

वंदना रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. तो सराव आहे मला. पण तिने तो कोरा फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. "वंदना, मी..." एवढंच म्हणालो.

तेव्हा आबा उठले. आत गेले आणि ते लाल फडकं घेऊन आले. गाठ सोडली. आत पाच पेनड्राइव्ह होते. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर आबांच्या अक्षरात फेरफार नंबर, आणि खाली 'खरी नक्कल' असं लिहून सही!

"आबा, हे कधी?" मी विचारलं.

"वाशीला. दोन दीस कामून लागले मंग? नितीनरावाला म्हनलं, हितं नक्कल झाल्याबिगर मूळ कागद माझ्या पोराच्या हातात जायचा न्हाय."

"आन मला शपथ घातली हुती, दाजींना सांगायचं न्हाय म्हनून," नितीन म्हणाला. "पर घाबरलो की ओ मी बी! पाचवा भरतानी बंद पडला हुता, त्यात समदं हाय का न्हाय ठावं न्हवतं."

सासूबाईंचा व्हिडिओ नेमका पाचव्यात होता. नितीनने तो लावला. मला हात लावू दिला नाही. पडदा दोन वेळा काळा झाला, वंदनाने माझं मनगट घट्ट धरलं, आणि मग वाशीचं ते स्वयंपाकघर दिसलं. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या आणि मिक्सरपाशी वाकलेल्या एका माणसाला म्हणत होत्या, "जावईबापू, तुमी सरा बगू तिथनं! चालतंय ते, चांगलं चालतंय! कशाला उघडताय? वंदे, ह्यांला चा दे आन भाईर बसीव गं!"

वंदना हसता हसता रडायला लागली, नितीन रडता रडता हसायला लागला. माझंही तेच झालं, फक्त माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. व्हिडिओ आम्ही सहा वेळा बघितला. सहाही वेळा सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं.

आता तो कॉम्प्युटर परत माळ्यावर आहे. फोटो सगळे आबांच्या लाल फडक्यात, लोखंडी पेटीत. चावी त्यांच्या करदोड्याला. परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी गेलो, म्हणालो, "आबा, फेरफार नंबर नऊ पाहिजे होता."

"अर्ज आनलास?"

अर्ज लिहून आणला. आबांनी तो नीट वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली, चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सर्व्हर डाउन हाय. उद्या ये."