टोचनवरचा माणूस

देवगाव रंगारीच्या बाजाराच्या दिवशी पुंडलिक गायके जीपच्या स्टेअरिंगमागे ताठ बसून भर गावातून गेला, आणि जीपचे इंजिन बंद होते. पुढे त्याचे मालक तात्यासाहेब यांच्या नातीचे पांढरे मोटरहोम चालले होते. त्याच्या पाठीला लोखंडी दांड्याने जोडलेली जीप आपल्या चारही चाकांवर मुकाट मागे येत होती. बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनामागे असे ओढून नेण्याला या भागात टोचन म्हणतात. पण जीप बंद पडलेली नव्हती. ती धडधाकट होती, आणि हेच लोकांना समजावून सांगणे अवघड होते.

हॉटेलवाला रामकिसन भट्टीपाशी उभा होता. त्याने हातातला झारा न ठेवताच विचारले, "काय पुंडलिकराव, बिनइंजिनचीबी चालवता व्हय आता?"

बाकावरच्या कोणीतरी जोड दिली की, डिझेल लागत नाय, डोळे लागत नाय, म्हातारपणी अशीच नोकरी पायजे. बाक हसला. पुंडलिकनेही हसल्यासारखे केले. जीपच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, त्यामुळे ऐकू आले नाही असे दाखवण्याचीही सोय नव्हती.

पुंडलिकविषयी गावात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पारखूनच घ्याव्या लागतात. त्याने म्हणे एकदा कन्नडच्या घाटातून मालाने भरलेली लॉरी टोचनवर आणली, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोराला एकदाही ढील पडू दिली नाही. खुद्द पुंडलिकला विचारले, तर लॉरी नव्हती, टेम्पो होता. घाट अर्धाच होता. आणि दोर एका वळणावर सैल पडला होता, असे तो सांगे. स्वतःच्या कीर्तीत लोकांनी घातलेली भर जो माणूस स्वतःच काढून टाकतो, त्याच्या शब्दाला वजन येते. तसे ते त्याच्या शब्दाला होते. पुढचा सारा प्रकार त्या वजनामुळेच अवघड होऊन बसला.

टोचनची विद्या त्याला कन्नडच्या एका उस्तादाने शिकवली होती. तेव्हा तो लॉरीवर क्लीनर होता. दोराने ओढताना पुढच्याने फक्त ओढायचे आणि ब्रेक मागच्याने मारायचा, असा नियम असतो. दोर सैल झाला तर मागची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळते, आणि एकदम ताणला तर दोर तुटतो. म्हणून मागे बसलेल्याचा पाय सदैव ब्रेकवर टेकलेला हवा. दाबलेला नव्हे, उचललेलाही नव्हे. ही कला अंगात मुरायला काही वर्षे जातात. एकदा मुरली की ती अंगातून निघत नाही, हे मात्र उस्तादाने सांगितले नव्हते.

पुढे पुंडलिक तात्यासाहेबांच्या जीपवर आला आणि तिथेच म्हातारा झाला. त्या घरातली वरात, बाळंतपण, कोर्टाची तारीख, सगळे त्याच्या हाताखालून गेले. तात्यासाहेबांची नात तनुजा हिला त्यानेच कापणी झालेल्या वावरात याच जीपवर गाडी शिकवली. मग मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली, दिसू लागले, पण एका डोळ्याने कमीच दिसे, म्हणून डॉक्टरांनी लायसनच्या दाखल्यावर सही करायचे नाकारले आणि लायसन नवे झाले नाही. त्याच सुमारास तनुजाने शहरातली नोकरी सोडून मोटरहोम घेतले. पाहुण्यांना त्यात राहायचे, जेवायचे, आणि वेरूळ, खुलताबाद, अजिंठा पाहायचा, असा तिचा व्यवसायाचा बेत होता. एवढे धूड खुलताबादच्या वेशीतून आणि गल्ल्यांतून फिरणार नाही, म्हणून मागे जीप जोडून न्यायची.

जोडणीचा दांडा चिकलठाण्याच्या मोतीरामने तयार केला. त्याचे स्वतःचे लहानसे फॅब्रिकेशनचे शेड होते आणि अशा जातीचे काम तो प्रथमच करत होता. पुढची गाडी सावकाश झाली की मागची जीप दांड्यावर रेटा देते. त्या रेट्याने दांड्यातला एक भाग सरकतो, तार ओढली जाते आणि जीपचा ब्रेक आपोआप लागतो. पुढची पुन्हा ओढू लागली की ब्रेक सुटतो. जीपमध्ये माणूस बसण्याची गरजच नव्हती.

तात्यासाहेबांना हे पटले नाही, किंवा पटले नाही असे त्यांनी दाखवले. आपल्या घरची गाडी टोचनवर जाणार आणि स्टेअरिंगवर माणूस नाही, हे बरे दिसत नाही, पुंडलिक बसेल, असे ते म्हणाले. तनुजाने वाद घातला आणि शेवटी एवढेच मान्य केले की, पाहुणे नसतील तोवर, चाचणीच्या फेऱ्यांना बसू दे.

अशा रीतीने पुंडलिक बसला. आयुष्यभर ज्याच्या समोर रस्ता असे, त्याच्या समोर आता मोटरहोमची पांढरी पाठ होती, हाताच्या अंतरावर, पुढचे सगळे झाकून टाकणारी. खड्डा केव्हा येतो, म्हैस आडवी केव्हा येते, काही कळत नसे. वळणावर स्टेअरिंग आपले आपण फिरे आणि त्याचे हात त्यावर ठेवलेले असत, देवाच्या पालखीला लोक नुसता हात लावून चालतात तसे.

पहिल्याच फेरीपासून जीपचे ब्रेक तापू लागले. उतारानंतर गाडी थांबली की जळका वास येई. मोतीराम चाकाच्या भोकांतून ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडे आणि ते चर्र करून उडून जाई. आतली, ड्रमला घासून चाक थांबवणारी लायनर इतकी जळाली की नवी बसवावी लागली. तीही जळू लागली. मोतीरामने तार ढिली केली, स्प्रिंग बदलली, सरकता भाग पुन्हा घासून घेतला. एकदा त्याने, हातातले काम न थांबवता, सहज विचारले, "काका, पाय कुठं असतो तुमचा?"

तात्यासाहेब आणि तनुजा तिथेच उभे होते. प्रश्न साधा होता, पण पुंडलिकला तो त्याच्या साऱ्या हयातीला विचारल्यासारखा वाटला.

"पाय खाली असतो," तो म्हणाला. "ब्रेकला लागत नाय माझा पाय. तू तुझी तार बघ."

तात्यासाहेबांनी मान डोलावली. पुंडलिक बोलला म्हणजे विषय संपला. त्या क्षणी आपण खोटे बोललो असे पुंडलिकला वाटलेही नाही. पाय टेकलेला असतो, दाबलेला नसतो. आणि टेकणे म्हणजे लागणे नव्हे, असा त्याचा चाळीस वर्षांचा हिशेब होता.

तो हिशेब बाजाराच्या त्या दिवशी चुकला. रामकिसनचे बोलणे मनात घोळत होते, म्हणून खुलताबादहून वेरूळकडे उतरताना त्याने ठरवले की, आज पाय खाली म्हणजे खालीच. त्याने तळवा पत्र्यावर घट्ट रोवला. समोरची पांढरी पाठ डुलत होती. उतार संपल्यावर त्याने सहज खाली पाहिले, तर पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता. पोटरी आवळली होती आणि बोटे पांढरी पडली होती. तो केव्हा तिथे गेला, हे पुंडलिकला सांगता आले नसते.

वेरूळला ब्रेक पुन्हा तापलेले निघाले आणि मोतीराम जीपखाली शिरला. सगळी तार पुन्हा उघडली. पुंडलिक बाजूला उभा राहून पाहत होता आणि बोलण्यासाठी योग्य वेळ शोधत होता. पण मोतीराम बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड इतके उतरलेले होते की, ती वेळ टळून गेली. तनुजा मोतीरामला म्हणाली की पाहुण्यांची पहिली फेरी तोंडावर आली आहे. आता अजिंठ्याच्या घाटाने फर्दापूरला एकदा जायचे; तरीही ब्रेक तापले, तर हा दांडा काढून टाकायचा आणि काम पुण्याच्या एका कारखान्याला द्यायचे. तिचा आवाज चढला नव्हता. मोतीरामने बरं म्हटले आणि हातांचे ग्रीस पुसत बसला. नव्या कामाची त्याची ही पहिलीच संधी होती. शेडवर आलेल्या गिऱ्हाइकांना तो हौसेने दांड्याचे फोटो दाखवत असे, आणि ते साऱ्या चिकलठाण्याला ठाऊक होते.

घरी सरूबाईने नवऱ्याला विचारले की जीपचं काय बिघडलंय, एवढं तोंड पाडून बसायला. जीप चांगली हाय, असे सांगून पुंडलिक ताटावरून उठला.

फर्दापूरच्या फेरीला तनुजा मोटरहोम चालवत होती, तात्यासाहेब तिच्या शेजारी होते, आणि मोतीराम मागच्या खिडकीला डोळे लावून बसला होता. त्याला सरकत्या भागाचे काम चालू गाडीत पाहायचे होते. त्यामुळे फुलंब्री, सिल्लोड अशा सगळ्या रस्त्याने पुंडलिकच्या समोर काचेमागे मोतीरामचा चेहरा होता. नजर दांड्यावर असे, मधेच वर येई, पुन्हा खाली जाई. तो काही ओळखून पाहतो की नुसताच पाहतो, हे पुंडलिकला ठरवता येईना. समोर पाहावे तर तो दिसे, आणि न पाहावे तर चोरासारखे दिसे.

अजिंठा गाव मागे पडले. घाटाच्या तोंडाशी मोटरहोम मंदावले. पाय खाली ठेवणे आपल्या हातात नाही, हे पुंडलिकला आता कळले होते. शेजारच्या सीटवर सरकणे म्हणजे उघड कबुली होती. त्याने सीटवर थोडे मागे सरून दोन्ही पाय उचलले आणि मांडी घातली. हयातीत पहिल्यांदा तो स्टेअरिंगमागे मांडी घालून बसला, पंगतीला बसावे तसा. हात त्याने मांडीखाली दाबून धरले.

उतार सुरू झाला आणि त्याचे अंग लाकूड झाले. प्रत्येक वळणावर पांढरी पाठ त्याच्यावर येते आहे असे वाटे. मग दांडा आत सरकल्याचा खट्ट आवाज होई, जीप आपली आपण दबे आणि पुन्हा सैल होई. कोणी ब्रेक मारत नव्हते आणि ब्रेक लागत होते. किती नीट लागत होते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले नसते. एका वळणावर त्याने वर पाहिले. मोतीराम दांड्याकडे पाहत नव्हता. तो स्टेअरिंगच्या दोन्ही अंगांनी वर आलेल्या त्या गुडघ्यांकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याने नजर काढून घेतली.

फर्दापूरला गाडी थांबली. मोतीरामने ड्रमवर पाणी शिंपडले. पाणी ओघळून खाली आले. तनुजाने हात लावून पाहिला; ड्रम कोमट होता. ती एवढी हरखली की तिने दुसऱ्या बाजूचाही पाहिला, आणि मग मोतीरामला विचारले की सकाळी असे काय बदलले.

मोतीराम खाली बसला होता. पुंडलिककडे न पाहता तो म्हणाला, "तार जरा ढिली केली होती. तेवढीच राह्यली असंल."

तात्यासाहेब म्हणाले, चला, सुटला एकदाचा तिढा. सगळे संपल्यासारखे झाले. पुंडलिकने गप्प बसायचे तेवढे राहिले होते, आणि ते काम त्याच्यासाठी दुसऱ्यानेच करून ठेवले होते. ज्याच्या पोटावर आपण पाय दिला, तोच आपली लाज झाकतो आहे, हे त्याला ब्रेकच्या जळक्या वासापेक्षा जड गेले.

"तार ढिली नव्हती केली त्यानं," तो म्हणाला. "मी पाय वर घेतला होता."

कोणाला चटकन उमगले नाही. त्याने पुन्हा सांगितले, आणि सगळे सांगितले: पाय कसा जातो, वेरूळच्या उताराला काय पाहिले, आणि पाहूनही मोतीरामला जीपखाली कसे जाऊ दिले. टेकणे आणि लागणे यांतला भेद त्याने सांगितला नाही. तो सांगण्याजोगा उरला नव्हता.

तात्यासाहेबांनी रस्त्याकडे तोंड वळवले. मग म्हणाले, "जीपला माणूस लागत नाय, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, पुंडलिक. म्हटलं, घरी बसून काय करशील."

त्यांनी हे मायेने म्हटले होते. म्हणूनच पुंडलिकला मान वर करता आली नाही. आपली गरज नाही हे सगळ्या बाजाराला दिसले होते, ते खरेच होते तर. चुकला होता तो एकटाच.

तनुजा त्याच्याजवळ आली. त्याने जीपची किल्ली तिच्या हातात दिली. "तनूताई, पाव्हण्यांची फेरी असो नायतर नसो, जीपमधी मानूस नको."

राहिला मोतीराम. तो हत्यारे पिशवीत भरत होता. पुंडलिक त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"पहिल्या दिवशी सांगायचं ना काका," मोतीराम म्हणाला. "मला वाटलं मला कामच येत नाय." एवढे बोलून त्याने पिशवीची चेन ओढली.

परतीला पुंडलिक मोटरहोममध्ये बसला. जागा मोतीरामच्या शेजारीच होती. मोतीरामने सरकून जागा केली आणि हत्यारांची पिशवी दोघांच्या मधे ठेवली. गाडी घाट चढून वर आली, अजिंठ्याच्या वस्तीत शिरली, आणि कोणीतरी सायकलवर आडवे आले तशी तनुजाने वेग कमी केला. पुंडलिकला सायकल दिसली नव्हती. तरी त्याचा उजवा पाय पुढे जाऊन खालच्या गालिच्यात रुतला होता. त्याने पाहिले. मोतीरामनेही पाहिले. पुंडलिकने तो पाय हळूच मागे घेतला, डाव्या पायामागे लपवला, आणि सिल्लोड येईपर्यंत तो तसाच दाबून धरून बसला.