चक्कीवरची शिकवणी

धाकट्या नातीने कॅरमबोर्डवर पावडर भुरभुरली, तो कोरडा वास नाकात गेला आणि सक्करदऱ्यातली एक पिठाची चक्की आठवली. चक्कीच्या वरच्या खोलीत रेल्वेतले एक निवृत्त बाबू दुपारी नवराबायकोंना जोडीने नाचायला शिकवायचे. पाय सरकावेत म्हणून ते फरशीवर कॅरमची पावडर टाकायचे, आणि खालच्या घरघरीत रेकॉर्डचा आवाज रस्त्यावर जायचा नाही. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोच्या कमरेत हात घालून नाचतो हे कळलं असतं, तर मोहल्लाभर बोभाटा झाला असता. म्हणून आम्ही गव्हाचा डबा घेऊन दळणाच्या निमित्ताने निघायचो. एकदा मात्र डबा खाली दळायला द्यायचाच विसरलो. घरी आईने झाकण उघडलं, मग आमच्या पांढऱ्या टाचांकडे पाहिलं. "गहू तं तसेच हायेत, मंग पायाले पीठ कुठचं लागलं?" तिने ते बोटाने चोळून पाहिलं. पीठ नव्हतं. बायकोला रडू फुटलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. आईने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "दार लाव पहिले. अन् दाखवा मले, काय शिकून राहिले तं." परवा हुडकेश्वरच्या लॉनवर थोरल्या नातीच्या लग्नातल्या संगीतात आम्हा दोघांना स्टेजवर बोलावलं. शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती. मी बायकोचा हात धरला आणि सवयीने आधी दार लावलंय का ते पाहिलं. लॉनला दारच नव्हतं.